विश्लेषण : छोट्या गाडीचे मायलेज मुंबईत का घसरते? ते वाढवता येते का?

लिटरला २४ किलोमीटर हा आकडा पाहून छोटी गाडी घ्यावी आणि नायगाव, परळ, दादरच्या रस्त्यांवर तिने जेमतेम १२-१३ किलोमीटर द्यावेत, हा अनेकांचा अनुभव. मग दोष कोणाचा? गाडीचा, पेट्रोलचा की चालवणाऱ्याचा? पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेल्यापासून हा प्रश्न थेट घरखर्चाचा झाला आहे.

कंपनीचा आकडा येतो कुठून?

पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या चाचणीतून. गाडी रस्त्यावर नव्हे, तर प्रयोगशाळेत रोलरवर चालवली जाते. चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे सुमारे २० मिनिटांची असते. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, एसी बंद आणि वेग वाढवणे-कमी करणे अगदी संथ. २०२२मध्ये आलेल्या पेट्रोलवरील मॅन्युअल अल्टो के-१०चे प्रमाणित मायलेज २४.३९ किलोमीटर आहे, ते अशाच चाचणीतले. हा आकडा खोटा नसतो; पण त्याचा खरा उपयोग दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता. डॉ. आंबेडकर मार्गावर संध्याकाळी सात वाजता तो मिळेल, अशी अपेक्षा धरू नये.

नायगाव-परळ पट्ट्यात मायलेज इतके का पडते?

गाडीला वेग देण्यासाठी पेट्रोल जळते आणि ब्रेक मारला की त्या वेगातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. दादर टीटी, हिंदमाता, परळ या टप्प्यात हे पुन:पुन्हा घडते. वेग ४०वरून ५०वर नेला, की गाडीतील गतिज ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना वेग वाढवणे म्हणजे हे जादा पेट्रोल ब्रेकमध्ये घालवणे. सप्टेंबर २०२५मध्ये प्रभादेवीचा जुना पूल पाडकामासाठी बंद झाल्यानंतर पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांची मदार टिळक पूल आणि करी रोडच्या पुलावर आली. तेथील रखडपट्टीही टाकीतूनच वजा होते.

दुसरे कारण छोट्या फेऱ्या. नायगावहून दादरच्या बाजारात जाण्याइतक्या अंतरात इंजिन पुरेसे तापतही नाही, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल पिते.

सिग्नलला इंजिन बंद करावे का?

थांबा अर्ध्या मिनिटाहून मोठा असेल तर करावे. आजच्या गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू करायला साधारण दहा सेकंद उभे राहण्याइतकेच पेट्रोल लागते. छोटे इंजिन जागेवर सुरू राहिले तर तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक जळते. एसी असेल तर आणखी. दिवसाला १५ मिनिटे सिग्नलला जात असतील, तर महिन्याच्या २५ दिवसांत सहा तासांहून अधिक वेळ होतो. म्हणजे किमान तीन लिटर पेट्रोल एक किलोमीटरही न जाता संपते. मात्र रांग इंच-इंच सरकत असेल किंवा बॅटरी जुनी असेल, तर हा प्रयोग टाळावा.

उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचते का?

हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज. लालबागच्या उड्डाणपुलावरून उतरताना अनेक जण आजही गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंधनपुरवठा जवळपास थांबवतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. उतारावर इंजिन बंद करणे तर धोक्याचे : ब्रेक जड होतात, पॉवर स्टीअरिंगची मदत जाते.

एसी, टायर आणि ई-२० यांचा वाटा किती?

लहान इंजिनावर एसीचा भार जास्त जाणवतो. उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून मिनिटभर चालवावी, मग एसी लावावा. चारही टायरमध्ये हवा १० पीएसआयने कमी असेल, तर मायलेज सुमारे दोन टक्क्यांनी घटते. फरक छोटा, पण हवा भरणे स्वस्त आहे आणि त्यात सुरक्षितताही आहे. योग्य दाब चालकाच्या दरवाजाजवळील स्टिकरवर असतो. तो टायर थंड असताना तपासावा. डिकीतले अनावश्यक ओझेही काढावे.

ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालानुसार जुन्या धाटणीच्या, ई-१०पुरत्या जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के, तर ई-२०साठी जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन टक्के घट अपेक्षित आहे. जुनी गाडी असेल तर मायलेजमधली एवढी घट चालकाच्या हातात नाही.

मायलेज वाढवणारी उपकरणे घ्यावीत का?

नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही निघाले नाही. तेच पैसे एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडच्या ऑइलवर खर्चावेत.

प्रत्यक्षात किती वाचेल?

महिन्याला ६०० किलोमीटर फिरणारी गाडी १२चे मायलेज देत असेल, तर ५० लिटर लागतात. तेच १४वर आले, तर सुमारे ४३ लिटर. पेट्रोल १०० रुपये धरले, तरी महिन्याला ७०० आणि वर्षाला ८,४०० रुपये वाचतात. छोट्या गाडीच्या विम्याला त्यातून चांगलाच हातभार लागतो.

मात्र डॅशबोर्डवरील आकड्यावर विसंबू नये. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्य करावा, तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर तशीच टाकी भरावी. कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन वेळा केले, की सरासरी कळते. पुढच्या महिन्यात बदल एकेकच करावा : आधी टायरची हवा, मग सिग्नलची सवय, मग भाजी, औषधे, शाळा अशा कामांची एकच फेरी. आणि फेरी दादर बाजारापुरतीच असेल, तर बेस्टची बस किंवा पायी जाणे केव्हाही स्वस्त. तिथे पार्किंग शोधत घातलेल्या घिरट्यांचे पेट्रोलही वाचते.