रविवारी सकाळी निगडीत जुन्या गाड्या का जमतात?

ज्यांना आपला भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना जिथे मी फारच भरकटले होते, तिथे थोडी कात्री लावली आहे.

तर, निगडी प्राधिकरणात महिन्यातल्या एखाद्या रविवारी, सकाळी सात वाजता, एका रुंद रस्त्याच्या कडेला दहा-बारा जुन्या गाड्या उभ्या राहतात. दोन काँटेसा, तीन-चार टाटा सिएरा, एखादी पद्मिनी. कधीतरी एक पांढरी मर्सिडीज येते, पिंपरीत टेल्कोच्या आवारातच 1995 पासून जुळणी व्हायला लागली होती त्यातली. ना फलक, ना क्लबचं नाव. फिरायला निघालेले लोक थांबतात, फोटो काढतात, "केवढ्याला घेतली?" विचारतात. दहाच्या आत सगळं पांगतं.

बाहेरून बघणाऱ्याला ही निव्वळ हौस वाटते. बाबांची सिएरा माझ्या नावावर झाल्यावर मी तिथे जायला लागले, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. पहिले दोन-तीन रविवार मी फक्त चहा प्यायले.

एका श्रोत्याने विचारलंय, "आपल्याकडे मसल कार असतात का हो?" खऱ्या अर्थाने नाही. अमेरिकेत 1964 च्या पाँटिअॅक जीटीओपासून जी लाट आली, तिचं सूत्र सोपं होतं: मध्यम आकाराची, परवडणारी गाडी घ्या आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवा. आपल्याकडे त्या रूपाच्या सगळ्यात जवळ गेली ती हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा. लांब बॉनेट, रुंद बसकण, मूळ आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा. पण 1984 साली ती आली तेव्हा आत इंजिन होतं चक्क अॅम्बेसिडरचं, 1489 सीसीचं, जेमतेम 50 अश्वशक्तीचं. पैलवानाच्या अंगात शाळामास्तरांचं काळीज! पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठे गाडीला जरा दम आला. काँटेसावाल्यांना हे ऐकवलं की ते चिडत नाहीत, हसतात. त्यांना पाठ आहे ते.

सिएराचं प्रकरण वेगळं. ती इथलीच, पिंपरीची. 1991 साली टेल्कोने आणली. 1948 सीसीचं डिझेल इंजिन, तीनच दारं, आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळत गेलेली ती मोठी, न उघडणारी काच. त्या काचेसाठीच लोक तिच्या प्रेमात पडतात आणि त्या काचेपायीच रडतात.

कारण काच फुटण्याआधी तिच्याभोवतीचं रबर मरतं. आम्ही त्याला बीडिंग म्हणतो. वीस-पंचवीस उन्हाळे खाल्ले की ते आखडतं, कडक होतं, चिरतं. मग पावसाचं पाणी आत झिरपतं आणि पत्र्याच्या ज्या ओठावर काच बसवलेली असते, तिथे साचतं. बाहेरून काही दिसत नाही. गंज आतून काम करतो. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. आधी मागच्या सीटखालच्या गालिच्याला कुबट वास यायला लागला. एका गॅरेजवाल्याने सिलिकॉन भरून दिलं, तर पाणी उलट आत अडकलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पत्र्याला बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं हो. अंगच गेलं की गाडी संपली.

ते बीडिंग दुकानात मिळत नाही. पूर्वी अशी अडचण आली की आम्ही चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांतून शोधायचो. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली अनधिकृत बांधकामं पाडली आणि त्यात भंगारवाल्यांची बरीच दुकानं गेली. 2025 च्याच नोव्हेंबरात टाटाने सिएरा हे नाव पुन्हा बाजारात आणलं, पण त्या पाच दारांच्या नव्या गाडीचं रबर आमच्या काचेला कशाला बसतंय!

आता इथे त्या रविवारच्या चहाचं खरं काम सुरू होतं.

भोसरी एमआयडीसीत रबर ओढून देणारे छोटे कारखाने आहेत. रबराची पट्टी बनवायला एक डाय लागते, म्हणजे पोलादी चकतीत वायरकटने कापलेलं, पट्टीच्या आडव्या छेदाच्या आकाराचं भोक. त्यातून कच्चं रबर ढकलायचं, मग ते शिजवायचं. डाय करणं अवघड नाही. अवघड आहे ते कारखानदाराला पटवणं. एका गाडीला काही मीटर पट्टी लागते. तेवढ्यासाठी मशीन साफ करायचं, मिश्रण घालायचं, डाय बसवायची, हे त्याला परवडत नाही. तो सरळ सांगतो, "ताई, शंभर मीटरच्या खाली नको." एकट्या मालकाला हे जमणं शक्य नाही. अकरा मालक एकत्र आले की जमतं. म्हणजे जी मंडळी रस्त्यावर गाड्या मिरवताना दिसतात, ती खरं तर एक खरेदी समिती असते. कोणाला दाराचं रबर हवं, कोणाला ब्रेकच्या सिलिंडरचे वॉशर, कोणाला जुन्या इंजिनाचे इंची आट्यांचे बोल्ट. वहीत नावं लिहितात, आकडा पुरेसा झाला की ऑर्डर जाते.

आमची पहिली ऑर्डर वाया जाता जाता वाचली. आम्ही गाडीवरची जुनी पट्टी काढून नमुना म्हणून नेली होती. एक निवृत्त टूलरूमवाले काका सोबत होते. त्यांनी ती दोन बोटांत दाबून बघितली आणि म्हणाले, "हे म्हाताऱ्याचं माप आहे. तरुणाचा सदरा ह्याच्यावर बेतू नका." जुनं रबर आकसलेलं असतं, त्यावरून डाय केली की नवी पट्टी सैल बसते. माप घ्यायचं ते पत्र्याच्या ओठाच्या जाडीचं आणि काचेच्या जाडीचं, म्हणजे जे आकसत नाही त्याचं. रबर ईपीडीएम जातीचं मागायचं, ऊन-पाण्याला टिकतं, आणि कडकपणा शोअर ए मापावर 60 ते 70 च्या दरम्यान. ही माहिती मला कुठल्याही व्हिडिओत मिळाली नव्हती. ज्यांनी चाळीस वर्षं याच पट्ट्यात डाय घासल्या, त्यांच्याकडे ती आहे, आणि ते आता सत्तरीत आहेत.

मूळ भागांचा एवढा अट्टहास कशाला, असंही काही जण विचारतात. नवीन इंजिन टाका आणि फिरा! इथे कागदाचा मुद्दा येतो, तो नीट समजून घ्या.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची. त्यानंतर पासिंग करून दर 5 वर्षांनी नूतनीकरण. दिल्लीसारखी दहा वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडे नाही. गाडी तपासणीत उतरली तर चालवता येते. फक्त महाग पडतं. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 10,000 रुपये झालंय, वर राज्याचा पर्यावरण कर.

दुसऱ्या टोकाला 2021 चा व्हिंटेज गाड्यांचा नियम आहे. 50 वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढंच. अट मात्र कडक: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको.

आमच्या गाड्या या दोन्हींच्या मधे लटकल्या आहेत. कायद्याच्या लेखी त्या वारसा नाहीत, नुसत्या म्हाताऱ्या आहेत. पहिल्या काँटेसाला पन्नास भरतील 2034 मध्ये, पहिल्या सिएराला 2041 मध्ये. तोवर प्रत्येक नूतनीकरणाला पैसे भरत राहायचं, आणि वैतागून आज कोणी आत दुसरंच इंजिन बसवलं तर 2041 ची दारं त्याच्यापुरती आत्ताच बंद. आमच्यातल्या एकाने तसं केलं. गाडी सुरेख पळते त्याची, आणि रोज ऑफिसला नेतो तो. मला ते चूक वाटत नाही, पण मी नाही करणार. बाबांनी ज्या इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलायला शिकवला, ते काढायला हात धजत नाही, एवढंच माझं कारण. त्यात शास्त्र काही नाही.

बीडिंग आलं मागच्या महिन्यात. पत्रा कापून नवा ओठ वेल्ड केला, प्रायमर, रंग, मग काच. गेल्या रविवारी तिथेच एका घराच्या बागेतला पाइप मागून घेतला आणि वीस मिनिटं गाडीवर पाणी सोडलं. उजवी बाजू कोरडी ठणठणीत. डावीकडे खालच्या कोपऱ्यात अजून एक थेंब येतोय. काका म्हणाले, कोपऱ्याचा जोड पुन्हा शिजवून घ्यावा लागेल. या शनिवारी भोसरीला जातेय.