दप्तर विसकटलें असतां

दौंड तालुक्यांतील भांडगांवच्या शेतकऱ्याला सातबाऱ्याचा उतारा हवा असला म्हणजे पूर्वीं तलाठ्याच्या चावडीची वाट धरावी लागे. १ मे २०१८ रोजीं डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळण्याची सोय महाराष्ट्रांत सुरू झाली, आणि लाल फडक्यांत बांधलेल्या दप्तराची जागा सर्व्हरनें घेतली. दप्तर कागदाचें असो वा विजेचें, तें विसकटतें कसें आणि सांवरतें कसें, हें जाणून घेणें म्हणूनच आतां केवळ तंत्रज्ञांचें काम उरलेलें नाहीं.

आजच्या सर्व्हरांत एका यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें नांदतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीनें व्हीएम-३७० ही प्रणाली १९७२ सालींच जाहीर केली होती. अशा आभासी यंत्राची डिस्क म्हणजे वस्तुतः यजमान यंत्रावरील एक भली मोठी फाइल. आंतल्या यंत्राला मात्र ती खरीखुरी डिस्क वाटते, आणि पुष्कळसे घोटाळे या भ्रमांतूनच उद्भवतात.

डिस्कवर माहिती कोठें आहे, कोणाची आहे आणि कोणती जागा मोकळी आहे, याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. गांवच्या दप्तराशीं तिचें विलक्षण साम्य आहे. जमिनीची खरेदी झाली तरी सातबाऱ्यावर एकदम खाडाखोड होत नाहीं. आधीं गांव नमुना सहामध्यें फेरफाराची नोंद पडते, ती मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केली म्हणजे मग सातबारा बदलतो. लिनक्समध्यें २००१ सालीं आलेल्या ईएक्सटी-३ मध्यें आणि तिच्या मागून आलेल्या ईएक्सटी-४ मध्यें हीच रीत आहे. बदल प्रथम 'जर्नल' नांवाच्या नोंदवहींत उतरतो. मध्येंच वीज गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांना पूर्ण झालेल्या नोंदी अमलांत येतात आणि अर्धवट नोंदी टाकून दिल्या जातात.

मग बिघाड होतोच कां? नोंदवहीचा सारा भरंवसा 'लिहिलें' या एका शब्दावर असतो. आभासी यंत्राला 'लिहिलें' असें उत्तर मिळालें तरी मजकूर कधीं कधीं यजमानाच्या स्मृतींतच घोटाळत असतो. त्याच क्षणीं यजमानाची वीज गेली, तर नोंदवही एक सांगते आणि डिस्क दुसरेंच. दुसरें कारण जागेचें. शंभर गिगाबाइट म्हणून दाखविलेली डिस्क बाहेर लागेल तसतशी वाढत असते. अशा दहा डिस्का मिळून यजमानाची जागा संपली, कीं आंतलें यंत्र लिहितां लिहितां अडखळतें. सर्वांत घातक प्रकार मात्र एकच डिस्क चुकून दोन चालू यंत्रांना जोडण्याचा. दोन तलाठ्यांनीं एकमेकांस न विचारतां एकाच वहींत नोंदी कराव्या तसें हें होतें. एकच गट दोघांच्या खातीं चढतो, आणि मूळचा मालक कोण हें पुढें वहीवरून सांगतां येत नाहीं.

असा दोष आढळला कीं लिनक्स बहुधा डिस्क 'केवळ वाचण्याजोगी' करून ठेवतें. यंत्र चालतें, पण लिहूं देत नाहीं. कामाच्या घाईंत पुष्कळ जण येथें तें वारंवार बंद-चालू करून पाहतात. तो मोह आवरलेला बरा.

योग्य क्रम निराळा आहे. यंत्र थांबवावें, आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वीं डिस्कच्या फाइलीची संपूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी. स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे. तो मूळ फाइलीवरच विसंबून असतो आणि मूळ सडलें तर त्याच्यासह सडतो. मग दृष्टि बाहेर वळवावी. यजमानावर जागा आहे काय, त्याची खरी डिस्क झिजलेली तर नाहीं ना, हें पाहावें. भिंत ओली असतांना चुना देण्यांत अर्थ नाहीं.

त्यानंतर ती नक्कल दुसऱ्या निरोगी आभासी यंत्राला दुय्यम डिस्क म्हणून जोडावी आणि, ती वापरांत न घेतां, एफएससीके हा तपासनीस आधीं केवळ पाहणीपुरता चालवावा. तो कांहीं बदलत नाहीं, दोषांची यादी तेवढी देतो. दोष थोडे असतील तर दुरुस्तीची परवानगी द्यावी. यादी संपतां संपत नसेल, तर प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून 'होय' म्हणणें धोक्याचें. तपासनीसाला नोंदींचा मेळ घालावयाचा असतो, माहितीची किंमत त्याला ठाऊक नसते. ईएक्सटी-४ मध्यें डिस्कचा आरंभींचा मुख्य तपशीलच नष्ट झाला असेल, तरी त्याच्या प्रती पुढें ठेवलेल्या असतात. चार किलोबाइटांचे खंड असले तर पहिली प्रत सामान्यतः ३२७६८ क्रमांकाच्या खंडांत सांपडते. एक्सएफएस या पद्धतींत नोंदवहीच टाकून देण्याचा एक उपाय आहे, पण तो अगदीं निरुपाय झाल्यावर योजावा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीसाठीं चेकडिस्क हें साधन आहे. नकलेचा नियम तेथेंही सुटत नाहीं.

दुरुस्तीनंतर बेवारस तुकडे 'लॉस्ट अँड फाउंड' या कप्प्यांत जमा होतात. त्यांवर नांव नसतें, नुसता क्रमांक असतो; उघडून, मजकूर ओळखून, एकेक जागीं लावावा लागतो. फाइल सिस्टिम निर्दोष ठरली म्हणजे आंतील मजकूरही शाबूत आहे असें नव्हे, कारण नेहमींच्या व्यवस्थेंत जर्नलमध्यें फाइलींचा हिशेब नोंदला जातो, फाइलींतील मजकूर नव्हे. यास्तव डेटाबेसची तपासणी स्वतंत्रपणें करावी, शेवटच्या कांहीं नोंदी बाहेरच्या कागदांशीं ताडून पाहाव्या, आणि बिघडलेली मूळ डिस्क त्यापुढेंही कांहीं आठवडे तशीच राखून ठेवावी.