जिभेला विचारा, दात स्वच्छ झाले का?

सोलापुरातल्या एका शिक्षिकेनं पुरवणीकडे प्रश्न पाठवला आहे : दृष्टिहीन मुलांना दात घासायला शिकवायचं कसं? त्यांना तक्ता दाखवता येत नाही, आरसा देऊन उपयोग नाही. दातांवरचा थर नजरेला यावा म्हणून दंतवैद्य जो रंग लावतात, तोही इथे कुचकामी.

या प्रश्नाचं एक सुरेख उत्तर बेळगावात सापडलं आहे. तिथल्या केएलई संस्थेच्या दंत महाविद्यालयातल्या डॉ. ममता हेब्बाळ आणि डॉ. अनिल अंकोला यांनी दृष्टिहीन मुलांसाठी एक पद्धत बसवली आणि २०१२ मध्ये ती बालदंतवैद्यकाच्या एका युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आधी सगळं तोंडी समजावायचं. मग दातांचा मोठा नमुना मुलांच्या हातात द्यायचा. दाढ कुठली, हिरडी कुठे सुरू होते, ब्रश कसा फिरतो, हे त्यांनी चाचपून शिकायचं. शेवटची पायरी तर अफलातून आहे. ब्रश करण्याआधी आणि केल्यानंतर मुलांनी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायची. थर असेल तिथे खरखरीत लागतं, निघाला की गुळगुळीत. या शिकवणीनंतर मुलांच्या दातांवरचा थर मोजला, तेव्हा तो चांगलाच घटला होता.

यात जिभेची निवड किती अचूक आहे, हे समजायला १८३४ मधल्या लायपझिगला जायला हवं. अर्न्स्ट हाइनरिख वेबर हा शरीरशास्त्रज्ञ कंपासची दोन टोकं त्वचेवर टेकवायचा आणि विचारायचा, टोचणी एक की दोन? पाठीवर टोकं काही सेंटिमीटर दूर असली तरी माणूस ‘एक’ म्हणतो. बोटाच्या पेराला सुमारे २ मिलिमीटरचं अंतर कळतं. जिभेच्या शेंड्याला जेमतेम १ मिलिमीटरचं! दातात अडकलेला बडीशेपेचा कण एवढा मोठा का भासतो, त्याचं कारण हेच. स्पर्शाची सर्वांत बारीक मोजपट्टी आपण तोंडात घेऊन फिरतो, आणि बेळगावच्या डॉक्टरांनी ती कामाला लावली.

इथे लुई ब्रेलची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. त्यानं सहा टिंबांची लिपी सिद्ध केली १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी. आज ब्रेलच्या दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे बोटाला फरक कळण्याच्या मर्यादेच्या थोडंच पुढे. वेबरचा या प्रयोगांवरचा ग्रंथ यायला तेव्हा अजून दहा वर्षं होती. स्पर्शाच्या इतिहासात वेबरचं नाव घेताना या मुलाचंही घ्यायलाच हवं. ही मर्यादा त्यानं स्वतःच्या बोटांनी आधीच ओळखली होती.

मात्र सगळ्यांना ब्रेल द्यावं, असं यातून निघत नाही. मधुमेहानं उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाला ब्रेल येत नसतं आणि शिकायचं म्हटलं तरी त्याच मधुमेहानं हातापायांच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. त्याच्यासाठी बोलणारं ग्लुकोमीटर आणि ध्वनिफीत जास्त कामाची. ‘रोज पाय पाहा’ हा नेहमीचा सल्ला त्याला जसाच्या तसा देणं म्हणजे काहीच न सांगणं. ओल, ऊब, वास यांवरून जखम कशी ओळखायची हे त्याला शिकवावं लागतं आणि रोज तळवे पाहण्याचं काम घरातल्या कुणावर तरी सोपवावं लागतं.

ऐकू न येणाऱ्यांच्या बाबतीतही तेच. सोलापूरच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. वर्षानुवर्षं तिथे राबणाऱ्याच्या आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज, म्हणून ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजनं पुसट होतात. ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही त्याची तक्रार अक्षरशः खरी असते. हा कामगार वाचू शकत असेल तर त्याला मराठी, तेलुगू किंवा कन्नड पत्रक पुरेल. जन्मतः कर्णबधिर असलेल्या तरुणीला तेच पत्रक पुरेलच असं नाही. तिची पहिली भाषा अनेकदा खुणांची असते आणि लिखित मराठी ती पुढे कष्टानं शिकलेली असते. पाळी, गर्भारपण, औषधाचे डोस हे सारं तिला तिच्या भाषेत समजलं पाहिजे, तेही भावाला किंवा सासूला मध्ये न घेता.

खुणांचं भाषांतर करणाऱ्या हातमोज्यांच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. त्यांवर माझा विश्वास नाही. खुणांच्या भाषेतलं बरंचसं व्याकरण भुवया, ओठ, नजर आणि खांद्यांत असतं, ते मोज्याला कुठून कळणार? त्यापेक्षा दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश कितीतरी मोलाचा. २०२१ च्या आवृत्तीत त्यात १०,००० शब्द झाले आणि त्यांत वैद्यकीय शब्दही आहेत. ओपीडीत नाव पुकारण्याबरोबरच पाटीवर क्रमांक झळकवणं तर त्याहून सोपं.

आता पुन्हा ब्रेलकडे येऊ. युरोपीय संघानं २००४ च्या निर्देशानं औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव छापणं बंधनकारक केलं. तिकडे जाणाऱ्या भारतीय औषधांच्या खोक्यांवरही ती टिंबं उमटवावी लागतात. म्हणजे हे काम आपल्या कारखान्यांना येतं. आता घरातला औषधांचा डबा उघडा आणि प्रत्येक खोक्यावरून बोट फिरवून पाहा. टिंबं लागली नाहीत, तर त्या कंपनीला एक पत्र जरूर लिहा.