तयार, जोडून की घडवून?

परदेशी कारखान्याशी व्यवहार करण्याचे तीन मार्ग नाशिक जिल्ह्यात, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात दिसतात. मिग-२१ लढाऊ विमानांसाठी १९६४ मध्ये उभा राहिलेला हा कारखाना पुढे सुखोईकडे वळला.

• तयार माल : १९९६च्या करारातली पहिली सुखोई विमानं रशियातल्या इर्कुत्स्कहून बनूनच आली. माल लवकर हाती येतो. सुट्या भागांसाठी मात्र भिस्त परक्यावर.

• जुळणी : भाग खोक्यांतून येतात, इथे जोडले जातात. कारागिरांचा हात बसतो.

• परवाना : डिसेंबर २००० च्या करारानं १४० सुखोई-३० एमकेआय इथे बांधायचं ठरलं. सुरुवात जुळणीनं, पुढचा टप्पा कच्च्या मालापासून. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटची. आराखड्याचा हक्क मात्र मूळ कंपनीचाच.

• छोट्या आयातदारापुढेही अशीच निवड असते : कारखान्याच्याच डिझाइनवर आपलं नाव लावायचं (ओडीएम), की आपलं डिझाइन बनवून घ्यायचं (ओईएम)? पहिल्यात खर्च कमी, पण तोच माल शेजारच्या दुकानातही दिसू शकतो. दुसऱ्यात साच्याचे पैसे आपण मोजतो, म्हणून त्याची मालकी करारात लिहून घ्यावी.