बोटीतले घर

हिवाळ्यात सकाळी तुम्ही कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर कधी गेला आहात का? पाण्यावर धुके असते आणि नदी अगदी शांत दिसते. वाटते, नावेत बसावे आणि थेट नरसोबाच्या वाडीला, म्हणजे पंचगंगा कृष्णेला मिळते तिथवर जावे.

पण तसे जाता येत नाही. वाटेत राजाराम, रुई, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. नदीच्या पात्रात एका ओळीत खांब बांधलेले असतात. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत फळ्या बसवतात. या फळ्यांना 'बरगे' म्हणतात. त्यांनी पाणी अडते आणि ते उसाला मिळते. पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात, म्हणजे पुराचे पाणी पुढे वाहून जाते. अशा बंधाऱ्याला सगळीकडे 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हेच नाव आहे. त्यामुळे हिवाळ्यात आपली नदी पायऱ्यांसारखी होते. वरच्या पायरीवरची नाव खालच्या पायरीवर कशी उतरणार?

इंग्लंडमध्ये कोळसा आणि इतर माल नेण्यासाठी अठराव्या शतकात कालवे खणले, तेव्हा हाच प्रश्न आला. तिथे चढउताराच्या जागी दोन दारांचे हौद बांधले. बोट हौदात शिरली की मागचे दार लावतात. मग पुढच्या बाजूची झडप उघडतात. हौदातले पाणी हळूहळू कमी होते आणि पाण्याबरोबर बोटही खाली उतरते. असे कितीतरी हौद फक्त सात फूट रुंद आहेत. म्हणून तिथल्या बोटी एस.टी. बसपेक्षा अरुंद, पण काही तर जवळजवळ दोन बसगाड्यांएवढ्या लांब!

आता माल रेल्वेने आणि रस्त्याने जातो, आणि या बोटींत माणसे राहतात. पलंग, टेबल, स्वयंपाकाची जागा, सगळे एकामागे एक. थंडीत लोखंडी शेगडीत कोळसा किंवा लाकूड जाळतात. कोळसा विकणारी बोटही दारात येते. आत ऊब असते खरी. पण बोट चालवणाऱ्याला मागच्या टोकाला उघड्यावर उभे राहावे लागते, आणि बोट तर माणसाच्या चालीने जाते!

खरा धोका थंडीचा नाही, नदीचा आहे. आपली नदी आषाढ-श्रावणात भरते. इंग्लंडमध्ये पाऊस बाराही महिने पडतो. हिवाळ्यात ऊन कमी असते, जमीन आधीच भिजलेली असते, म्हणून पाणी सरळ नदीत जाते. कालव्याचे पाणी फारसे चढत नाही, नदीचे मात्र रात्रीत चढते. काठाला दोर घट्ट बांधला असेल तर पाणी चढताना बोट एका बाजूला कलते. दोर फार सैल असेल तर बोट काठावर चढते आणि पाणी उतरल्यावर तिथेच अडकते. म्हणून बरेच लोक हिवाळ्यात नदी सोडून कालव्यात येतात.

नदीवरच्या अनेक हौदांजवळ रंगीत पट्ट्या असतात. पाणी हिरव्या पट्टीवर असेल तर जावे, पिवळ्या पट्टीवर असेल तर जपून जावे, लाल पट्टीवर असेल तर बोट सोडू नये. आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर अशीच पाणीपातळी मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये तिथे पाणी 55 फुटांच्या वर गेले होते. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि अनेकजण बुडाले.