संगणक कोठे अडला?



आपण दवाखान्यात गेलो, की डॉक्टर लगेच औषध लिहून देत नाहीत. 'कोठे दुखते? कधीपासून दुखते?' असे ते आधी विचारतात. संगणक आजारी पडला, तर त्यालाही हेच प्रश्न विचारावे लागतात. मात्र तो तोंडाने बोलत नाही. दिवे, आवाज आणि पडद्यावरची अक्षरे हीच त्याची भाषा. ती समजली, की निम्मी दुरुस्ती झाली. 'दुरुस्ती' हा शब्द तर उर्दूमुळे तुमच्या ओळखीचाच आहे.

पनवेलला आमच्या शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून जून महिन्यात शाळा सुरू झाली. बाहेर धो धो पाऊस होता. महिनाभर बंद असलेला संगणक आम्ही सुरू केला. पडद्यावर कंपनीचे नाव आले आणि संगणक तेथेच थांबला. पाच मिनिटे झाली, दहा मिनिटे झाली, तरी तो पुढे सरकेना. शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी त्याच संगणकात होती. तिची दुसरी प्रत आम्ही ठेवली नव्हती आणि अर्जांची मुदत दोन दिवसांत संपत होती. कोणी म्हणाले, "हार्ड डिस्क गेली. नवी बसवा." पण नवी डिस्क बसवली असती, तर जुनी यादी कोठून आणणार?

आम्ही घाई केली नाही. संगणक कोणत्या पायरीवर अडला, हे आधी पाहायचे ठरवले.

संगणक सुरू होताना चार पायऱ्या चढतो. बटण दाबताच पेटीतील वीजपुरवठा करणारा भाग सर्व भागांना वीज देतो व पंखा फिरू लागतो. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर मुख्य पाटीवरील एक चिप स्मृती, कळफलक, पडदा यांची तपासणी करते. या चिपमधील सूचनांना 'बायॉस' म्हणतात. तिसऱ्या पायरीवर बायॉस डिस्क शोधते. चौथ्या पायरीवर विंडोजसारखी कार्यप्रणाली डिस्कवरून स्मृतीत येते आणि आपल्याला ओळखीचा पडदा दिसतो.

आता कोणत्या पायरीवर काय पाहावे, ते लक्षात ठेवा.

दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही, अशा वेळी आधी भिंतीवरचे बटण व वायर पाहा. पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे आणि 'बीप, बीप' असा आवाज येतो, तर बऱ्याचदा स्मृतीची पट्टी सैल झालेली असते. कधी दमट हवेने तिच्या सोनेरी कडेवर मळ बसतो. ती कड खोडरबराने हलकेच पुसून पट्टी पुन्हा घट्ट बसवतात. कंपनीच्या नावावर संगणक अडला, तर पेन ड्राइव्ह, प्रिंटर असे बाहेरचे सर्व काढून ठेवा. विंडोजचे चक्र फिरत राहिले, तर डिस्कचा दिवा पाहा. तो लुकलुकत असेल, तर संगणक काम करीत असेल. थोडा वेळ थांबा. त्यानंतरही तो पुढे गेला नाही, तर 'सेफ मोड'मध्ये सुरू करून पाहा. त्यात फक्त आवश्यक तेवढेच भाग चालू होतात. तसा तो सुरू झाला, तर नुकत्याच टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमवर संशय घ्यावा.

आमच्या संगणकाचे आम्ही असेच केले. नववीतील एका मुलीला वही घेऊन बसवले. प्रिंटर काढला, फरक नाही. पेन ड्राइव्ह काढला, फरक नाही. ती प्रत्येक गोष्ट लिहीत गेली. मग वीज बंद करून, वायर काढून पेटी उघडली. डिस्कला जोडणारी केबल काढून ठेवली आणि संगणक सुरू केला. तो कंपनीच्या नावापुढे गेला व 'डिस्क सापडत नाही' असा संदेश दिसला! म्हणजे दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये होता. पुन्हा वीज बंद केली, शेजारच्या संगणकाची केबल आणून लावली आणि आमचा संगणक सुरू झाला. डिस्क चांगली होती. केबल खराब झाली होती. आम्ही सर्वांत आधी यादीच्या दोन प्रती काढल्या. अर्ज वेळेवर गेले.

वही कशासाठी, असे तुम्ही विचाराल. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा 'मार्क २' हा संगणक नीट चालेना. शोधता शोधता तंत्रज्ञांना त्याच्या एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तो त्यांनी नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी नोंद लिहिली. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. एवढे मोठे यंत्र एका लहानशा किड्याने अडले होते. पनवेलच्या पावसाळ्यात तर किडे, मुंग्या आणि दमट हवा या तिघांचाही पहारा असतो!

पण काही गोष्टी विसरू नका. पेटी मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच उघडा. त्याआधी भिंतीवरची वायर काढा आणि पेटीच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज नाजूक भागांना इजा करणार नाही. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. डिस्कमधून 'टक् टक्' असा आवाज आला, तर संगणक बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर कोणत्या बदलाने संगणक सुरू झाला, हे कळणार नाही. सोप्याकडून अवघडाकडे जा. आणि महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत आजच करून ठेवा. संगणक अडल्यावर ती करता येत नाही.