आवक क्रमांक बदलतो तेव्हा
ई-मेलच्या पोटात : लेखांक ९

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. एका लहानशा कार्यालयाचं सगळं ई-मेल मी शनिवार-रविवारी जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं होतं, तिथल्या हिशेबाचं बघणाऱ्या बाई बोलत होत्या. "अहो, पत्रं सगळी आहेत, एकही कमी नाही. पण बारा वर्षांची पत्रं काल रात्रीच आल्यासारखी दिसतायत!" चूक माझीच होती. घरी लिहिलेल्या स्क्रिप्टने मी पत्रं नेली, पण त्यांच्यावरचे शिक्के जुन्या जागीच राहिले.

ई-मेलला दोन तारखा असतात. एक पत्र लिहिणाऱ्याकडची; ती पत्राच्या माथ्यावर असते आणि पत्राबरोबर कुठेही जाते. दुसरी सर्व्हरने पत्र पेटीत ठेवताना मारलेल्या शिक्क्याची. ती पत्रात नसते, सर्व्हरच्या दप्तरात असते. 'वाचलं', 'उत्तर दिलं', 'तारांकित' या खुणाही तिथल्याच. सर्व्हरवरची पेटी हाताळायची जी पद्धत, त्या आयमॅपच्या भाषेत पेटीत पत्र घालायच्या आज्ञेला 'अपेंड' म्हणतात. तिच्यासोबत जुना शिक्का आणि खुणा पाठवायची सोय आहे, सक्ती मात्र नाही. पाठवल्या नाहीत, की नवा सर्व्हर आजची तारीख ठोकून मोकळा होतो.

पत्र सर्व्हरवरच राहावं आणि आपण कुठूनही जाऊन ते वाचावं, ही आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मांडली. त्याआधीच्या पॉप पद्धतीत पत्रं आपल्या संगणकावर ओढून सर्व्हर रिकामा करायची रीत होती. तुमच्या ऑफिसात कुणी अजून पॉपवाला असेल, तर त्याच्या पेटीत हलवण्याजोगं बहुधा काही सापडणार नाही. त्याचा खजिना टेबलाखालच्या डब्यात असतो, तो वेगळा शोधा.

आता खरी गाठ. सरकारी कचेरीत आलेल्या पत्रावर आवक क्रमांक पडतो. तो त्या कचेरीपुरता. तेच पत्र दुसऱ्या कचेरीत गेलं की तिथे नवा क्रमांक. आयमॅपमध्येही प्रत्येक फोल्डर पत्राला असा चढता क्रमांक देतो, त्याला यूआयडी म्हणतात. आणि त्या आवक रजिस्टरलाही स्वतःचा एक आकडा असतो, यूआयडी-व्हॅलिडिटी. तो आकडा बदलला, की फोनने समजायचं : रजिस्टर नवं, जुने क्रमांक रद्द, साठवलेलं सगळं टाकून पुन्हा उतरवून घ्या. स्थलांतरानंतरच्या सकाळी ऑफिसचं इंटरनेट रांगायला लागतं, ते बहुतेक वेळा यामुळे.

मग इथलं हे पत्र आणि तिथलं ते पत्र एकच, हे ओळखायचं कसं? जावक क्रमांकावरून. बहुतेक पत्रांवर पाठवतानाच एक मेसेज-आयडी चिकटतो आणि तो बदलत नाही. जिल लामिराल यांचं 'आयमॅपसिंक' हे पर्लमध्ये लिहिलेलं अवजार या आयडीवर आणि पत्राने वाटेत गोळा केलेल्या 'रिसीव्ह्ड' नोंदींवर भिस्त ठेवतं. अर्धवट मसुद्यांवर मात्र यातलं कधीकधी काहीच नसतं. जीमेलची तऱ्हा आणखी निराळी. तिथे फोल्डर नाहीत, लेबलं आहेत. एका पत्राला तीन लेबलं असली तर आयमॅपला ते तीन फोल्डरांत दिसतं, शिवाय 'ऑल मेल'मध्ये चौथं. डोळे झाकून नक्कल केली, की एका पत्राची चार होतात. त्यात जीमेल आयमॅपवरून दिवसाला २५०० एमबीच उतरवू देतं. २० जीबीच्या पेटीला आठ दिवस धरून चाला.

एकदाच हलवण्यापेक्षा दोन पेट्या कायम सारख्या ठेवणं, म्हणजे प्रतिकृती, फार अवघड. एक पत्र 'अ'कडे आहे, 'ब'कडे नाही. ते 'अ'कडे नुकतंच आलं, की 'ब'कडे कुणी पुसलं? दोन्ही पेट्यांकडे कितीही निरखून बघा, उत्तर मिळत नाही. ते फक्त मागच्या वेळी काय होतं याच्या नोंदीत असतं. म्हणून एमबीसिंकसारखी अवजारं प्रत्येक फेरीची वही ठेवतात. आणि प्रतिकृती म्हणजे बॅकअप, असं समजणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार : इकडे चुकून पुसलेलं तिकडेही इमानदारीने पुसलं जातं.

फोल्डरांच्या नावांचाही घोळ असतो. जुन्या आयमॅपला देवनागरी थेट कळत नाही. 'पावत्या' हे नाव तारेवर रोमन अक्षरांच्या गचपणात जातं. नुसत्या फायली उचलून नेणाऱ्याला ते गचपणच नाव म्हणून दिसतं.

हलवण्याचा क्रम मात्र सरळ आहे. पत्त्यावरची पत्रं कोणत्या सर्व्हरकडे न्यायची हे जगाला सांगते ती एमएक्स नोंद, आणि ती इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत म्हणजे टीटीएल. आधी एमएक्स नोंदीचा टीटीएल एक दिवसावरून पाच मिनिटांवर आणायचा, आणि तो एक दिवस थांबायचं. जुनी पत्रं निवांत नेऊन ठेवायची, मग एमएक्स बदलायचा, मग जुन्याकडे उशिरा पोचलेल्यांसाठी आणखी एक फेरी. या फेरीत 'जुन्याकडे नाही ते नव्यावरून पुसा' हा पर्याय चालू राहिला, तर एमएक्स बदलल्यावर थेट नव्याकडे आलेली पत्रं जातात.

पत्ता तोच ठेवून घर बदलता येतं, ते या एमएक्समुळेच. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या पेट्या एनआयसीच्या व्यवस्थेतून झोहोच्या व्यवस्थेवर गेल्या, तरी पत्त्यातलं 'जीओव्ही डॉट इन' जागचं हललं नाही.

बाईंची पेटी मी त्याच रात्री पुन्हा भरली, या वेळी शिक्क्यांसकट. रिकामी करण्याआधी सोमवारी दिवसभरात आलेली एकतीस पत्रं तेवढी बाजूला काढली. ती जुन्या सर्व्हरने कधी पाहिलीच नव्हती.